दिनकर बळवंत देवधर

दिनकर बळवंत देवधर (१४ जानेवारी, इ.स. १८९२ - २४ ऑगस्ट, इ.स. १९९३) हे पुण्यातील संस्कृतचे प्राध्यापक, प्रथमश्रेणी क्रिकेटपटू आणि महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने इ.स. १९३९-४० आणि इ.स. १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक स्पर्धा जिंकली. त्यानंतर महाराष्ट्राला ही स्पर्धा पुन्हा जिंकता आलेली नाही. कसोटी सामना खेळण्याची संधी त्यांना कधीच मिळाली नाही. तरीही भारतीय क्रिकेटचे पितामह म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. विभागीय संघांमधील एकदिवसीय स्पर्धेला देवधर करंडक हे नाव त्यांच्यावरून देण्यात आले. शंभर वर्षांचे आयुष्य पूर्ण करणारे ते पहिले भारतीय प्रथमश्रेणी क्रिकेटपटू होत.

अध्यापन आणि खेळ

देवधरांचा जन्म पुण्यात झाला आणि मृत्यूही पुण्यातच झाला. पेशाने ते शिक्षक होते. शिक्षण प्रसारक मंडळीच्या महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. इ.स. १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज या नावाने सुरू झालेली ही संस्था पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आली. वृत्तपत्रांत आणि चाहत्यांच्या बोलण्यात त्यांचा उल्लेख बहुधा प्रा. देवधर असाच होत असे.

त्यांचे सर्व मोठेपण या दुहेरी भूमिकेत आहे. त्यांच्या काळातील भारतीय क्रिकेट मुख्यतः दोन आधारांवर उभे होते: संस्थानिकांचा पैसा आणि मुंबईच्या जिमखान्यांची प्रतिष्ठा. पतियाळा, नवानगर, होळकर, बडोदा, पोरबंदर अशा दरबारांत खेळाडूंना नोकऱ्या मिळत, परदेशी प्रशिक्षक बोलावले जात आणि संघाचे कर्णधारपद पुष्कळदा महाराजांकडेच असे. महाविद्यालयात शिकवून चरितार्थ चालवणारा आणि वर्गाबाहेरचा वेळ मैदानाला देणारा माणूस अशा व्यवस्थेत विजेता संघ उभा करू शकेल, असे कोणाला वाटले नसते.

जिमखान्यांचे क्रिकेट

देवधरांचे प्रथमश्रेणी पदार्पण इ.स. १९११ च्या हंगामात हिंदू संघाकडून झाले. त्या वेळी मुंबईतील प्रमुख स्पर्धा धर्मवार संघांत खेळली जात असे. आरंभी युरोपीय आणि पारशी हे दोनच संघ होते. इ.स. १९०७ मध्ये हिंदू आणि इ.स. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर स्पर्धा चौरंगी झाली. इ.स. १९३७ मध्ये इतर समाजांचा संघ सामील होऊन ती पंचरंगी म्हणून ओळखली जाऊ लागली. देवधर हिंदू संघाकडून दीर्घकाळ खेळले आणि त्यांची पहिली कीर्ती याच सामन्यांतली आहे.

या कीर्तीचा विचार करताना पुण्यातीलच दुसऱ्या एका खेळाडूचा विचार करावा लागतो. पाळवणकर बाळू हे देवधरांहून सोळा वर्षांनी मोठे होते. इ.स. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाकडून शंभराहून अधिक बळी घेणारे हे डावखुरे गोलंदाज चर्मकार समाजातील होते. पुण्यात त्यांची सुरुवात मैदानाची निगा राखणारा नोकर म्हणून झाली. युरोपीय खेळाडूंना सरावासाठी गोलंदाजी करता करता त्यांचे कौशल्य लोकांच्या नजरेत भरले. युरोपीयांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले खरे, पण चहा मात्र त्यांना वेगळ्या मातीच्या भांड्यात, मंडपाबाहेर दिला जाई. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळाले नाही. इ.स. १९२० मध्ये कर्णधारपदाच्या वादातून त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. अखेर इ.स. १९२३ मध्ये विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले.

देवधर पुण्यातील सुशिक्षित ब्राह्मण मध्यमवर्गातून आले होते. बाळूंना ज्या दारांशी झगडावे लागले, ती देवधरांसाठी उघडीच होती. त्यांच्या गुणवत्तेला यामुळे उणेपणा येत नाही. तथापि त्यांच्या दीर्घ आणि अखंड कारकिर्दीचे श्रेय केवळ व्यायाम आणि शिस्त यांना देणारी चरित्रे अपुरी ठरतात. त्याच शहरात, त्याच संघाच्या आसपास वावरलेल्या दोन माणसांपैकी एक पन्नाशीनंतरही प्रांताचे नेतृत्व करीत होता आणि दुसऱ्याला ऐन उमेदीतही नेतृत्व मिळाले नाही, ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुण्याच्या क्रिकेटचा इतिहास पुरा होत नाही.

इ.स. १९२६ चे शतक

इ.स. १९२६-२७ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा संघ भारतात आला. मॉरिस टेट, जॉर्ज गिअरी, इवार्ट अस्टिल असे नामांकित गोलंदाज या संघात होते. डिसेंबरच्या आरंभी मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाकडून सी.के. नायडू यांनी ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. त्या खेळीने देशभर खळबळ उडाली. त्याच महिन्यात त्याच मैदानावर अखिल भारतीय संघाचा पाहुण्यांशी सामना झाला. त्यात देवधरांनी १४८ धावा काढल्या आणि भारतीय संघाने पहिल्या डावात आघाडी मिळवली.

देवधरांच्या या खेळीचे वर्णन काही ठिकाणी परदेशी संघाविरुद्ध भारतीयाने केलेले पहिले शतक असे केलेले आढळते. नायडूंचे शतक त्याआधीचे असल्याने ते वर्णन बरोबर नाही. अखिल भारतीय संघाकडून खेळताना पाहुण्या परदेशी संघाविरुद्ध शतक करणारे ते पहिले फलंदाज, असे म्हणणे योग्य ठरेल. हा मान दोघांत वाटून घेण्याइतका मोठा आहे. या दोन खेळी आणि एकूण मालिकेतील भारतीयांची कामगिरी पाहून भारताने कसोटी क्रिकेटमध्ये यावे असे गिलिगन यांचे मत झाले. त्यांच्या प्रोत्साहनाने सुरू झालेल्या हालचालींतून इ.स. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले.

भारताने पहिला कसोटी सामना २५ जून, इ.स. १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर खेळला. पोरबंदरचे महाराज दौऱ्याचे कर्णधार होते. प्रत्यक्ष कसोटीत नेतृत्व नायडूंनी केले. ज्या शतकाने या कसोटीची वाट सुकर केली, ते काढणारे देवधर मात्र संघात नव्हते. त्यांचे वय तेव्हा चाळीस होते आणि निवडकर्त्यांच्या दृष्टीने ते फार झाले होते. पुढच्या बारा वर्षांत त्यांनी केलेल्या धावा पाहिल्या की तो निर्णय चुकीचा होता असेच म्हणावे लागते.

महाराष्ट्राचे कर्णधार

इ.स. १९३४-३५ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. संघ धर्मावर न ठरता प्रांतावर आणि संस्थानावर ठरू लागले. त्याच काळात स्थापन झालेल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या संघाचे नेतृत्व देवधरांकडे आले. मुंबई शहराची वेगळी असोसिएशन होती. त्यामुळे महाराष्ट्राच्या वाट्याला पुणे, सांगली, कोल्हापूर, नाशिक, अहमदनगर अशा भागांतील खेळाडू येत. त्यांच्यामागे दरबार नव्हता आणि मुंबईसारखी पेढ्यांची व गिरण्यांची श्रीमंतीही नव्हती.

पहिल्या पाच वर्षांत करंडक मुंबईकडे दोनदा, नवानगर, हैदराबाद आणि बंगालकडे प्रत्येकी एकदा गेला. सहाव्या वर्षी, म्हणजे इ.स. १९३९-४० मध्ये, महाराष्ट्राची पाळी आली. या हंगामात पुण्याच्या मैदानावर बडोद्याविरुद्ध विजय हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक होय. त्या डावात हजारे आणि नरिमन नगरवाला यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भागीदारी केली.

आकड्यांमुळे ही भागीदारी प्रसिद्ध आहे. तिचा दुसरा अर्थ सहसा सांगितला जात नाही. हजारे ख्रिस्ती होते, नगरवाला पारशी आणि कर्णधार देवधर हिंदू. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत हे तिघे तीन वेगवेगळ्या संघांतून एकमेकांविरुद्ध उभे राहिले असते. पुण्यात मात्र ते एकाच तंबूत बसत होते. धर्मवार क्रिकेट थांबवावे असे मत महात्मा गांधींनी डिसेंबर इ.स. १९४० मध्ये व्यक्त केले आणि ती स्पर्धा अखेर इ.स. १९४६ मध्ये बंद पडली. त्या वादाचा निकाल लागण्यापूर्वीच महाराष्ट्राच्या संघाने दुसरी वाट प्रत्यक्ष चालून दाखवली होती. धर्मवार सामन्यांतून मोठा झालेला खेळाडूच या प्रांतीय संघाचा नायक होता, ही देवधरांच्या चरित्रातील लक्षणीय गोष्ट आहे.

पुण्यात झालेल्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला. देवधर त्या वेळी ४८ वर्षांचे होते.

पुढच्या हंगामात पुण्यातच मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राने पहिल्या डावात ६७५ धावा केल्या. त्यांत देवधरांच्या २४६ होत्या. त्यांच्या कारकिर्दीतील ही सर्वोच्च धावसंख्या होय. मुंबईने चिवट झुंज देत ६५० धावांपर्यंत मजल मारली. अनिर्णित सामन्याचा निकाल पहिल्या डावातील आघाडीवर लागत असल्याने पंचवीस धावांच्या फरकाने महाराष्ट्र पुढे गेला. मद्रास येथील अंतिम सामन्यात मद्रासवर सहा गड्यांनी विजय मिळवून महाराष्ट्राने करंडक राखला. सलामीला कमल भांडारकर आणि रंगा सोहोनी, मधल्या फळीत हजारे आणि स्वतः कर्णधार अशी ही फलंदाजी त्या काळी देशातील सर्वांत भक्कम मानली जाई.

इ.स. १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध देवधरांनी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके (१०५ आणि १४१) केली, तेव्हा त्यांनी वयाची ५२ वर्षे ओलांडली होती. वय झाले म्हणून बारा वर्षांपूर्वी त्यांना लॉर्ड्सला नेले नव्हते, हे येथे पुन्हा आठवते. पहिल्या महायुद्धाच्या आधी प्रथमश्रेणी क्रिकेट सुरू करून दुसरे महायुद्ध संपल्यावरही खेळत राहिलेल्या मोजक्या क्रिकेटपटूंत त्यांची गणना होते.

खेळाडूंचे स्थलांतर

विजयाची ही दोन वर्षे लवकर सरली. इ.स. १९४१ मध्ये हजारे बडोद्याच्या महाराजांच्या आश्रयास गेले आणि इ.स. १९४२-४३ मध्ये बडोद्याने रणजी करंडक जिंकला. चंदू सरवटे पुढे होळकर संघात दाखल झाले. नायडूंच्या नेतृत्वाखाली इंदूरच्या या संघाने पुढे दहा वर्षे स्पर्धेवर वर्चस्व गाजवले. सोहोनीही पुढे बडोदा आणि मुंबई या संघांकडून खेळले.

खेळाडूंना यासाठी दोष देता येत नाही. क्रिकेट खेळून पोट भरण्याची सोय त्या काळी दरबाराखेरीज फारशी कुठे नव्हती. लष्करी हुद्दा, निवास आणि वर्षभर सरावाची सवलत संस्थाने देऊ शकत. महाविद्यालयाचा प्राध्यापक आपल्या खेळाडूला मार्गदर्शन देऊ शके, संघातील जागा देऊ शके, नोकरी देऊ शकत नसे. देवधरांनी जे उभे केले ते त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभे होते. त्याखाली आर्थिक पाया नव्हता. ती व्यवस्था त्यांच्या सहकाऱ्यांनाही पुढे उभारता आली नाही. महाराष्ट्र नंतर इ.स. १९७०-७१, इ.स. १९९२-९३ आणि इ.स. २०१३-१४ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा अनुक्रमे मुंबई, पंजाब व कर्नाटक यांच्याकडून हरला. यांतील दुसरा पराभव देवधरांच्या मृत्यूपूर्वी काही महिनेच झाला.

खेळपट्टीचा प्रश्न

देवधरांच्या काळात पुण्याच्या क्रिकेटला जे वळण लागले, त्याला दुसरी बाजूही आहे. पुण्याची खेळपट्टी फलंदाजांना फार अनुकूल होती. एकदा जम बसला की बाद व्हायचे नाही, शतकावर समाधान मानायचे नाही, ही वृत्ती तेथे रुजली. डिसेंबर इ.स. १९४८ मध्ये पुण्यातच काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. भांडारकरांसह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्यावर काठियावाडच्या कर्णधाराने खेळ पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम निंबाळकरांपासून नऊ धावा दूर राहिला. त्याच हंगामात पुण्यात झालेल्या मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामन्यात एकूण २,३७६ धावा झाल्या. हा उच्चांक प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये आजही अबाधित आहे. तो सामना मुंबईने ३५४ धावांनी जिंकला.

हे दोन्ही सामने देवधरांच्या नेतृत्वाखालचे नव्हेत, पण फलंदाजीची ही परंपरा त्यांच्या संघातून आलेली आहे. एवढ्या धावा करणाऱ्या प्रांताने त्या तोडीचा वेगवान गोलंदाज तेव्हा घडवला नाही, हेही नोंदवले पाहिजे. धावांच्या राशी स्वतःच्या मैदानावर उभ्या राहिल्या. संघ बाहेर गेला की गोलंदाजीतील उणीव उघडी पडे.

उत्तरायुष्य आणि सन्मान

प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये देवधरांनी ८१ सामन्यांत ३९.३२ च्या सरासरीने ४,५२२ धावा केल्या. निवृत्तीनंतर त्यांनी राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे उपाध्यक्ष अशी पदे सांभाळली.

घरातील मुलींनाही त्यांनी खेळात आणले. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या कन्यांनी इ.स. १९४० च्या दशकात बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. मुलींनी मैदानावर उतरून स्पर्धा खेळणे पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत तेव्हा सर्रास मान्य नव्हते. देवधरांच्या चरित्रात हा भाग सहसा एका ओळीत उरकला जातो. वास्तविक त्यांच्या सामाजिक दृष्टीचा सर्वांत स्पष्ट पुरावा तोच आहे.

भारत सरकारने त्यांना इ.स. १९६५ मध्ये पद्मश्री आणि इ.स. १९९१ मध्ये पद्मभूषण देऊन गौरवले. इ.स. १९९६ मध्ये भारतीय टपाल खात्याने नायडू, विनू मांकड, विजय मर्चंट आणि देवधर या चार क्रिकेटपटूंवर टपाल तिकिटे काढली. या चौघांत कसोटी न खेळलेले देवधर एकटेच होते.

वारसा

अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलचा प्रशिक्षक ही एक स्वतंत्र सामाजिक संस्थाच आहे. केंटकी विद्यापीठाचे ॲडॉल्फ रप यांनी इ.स. १९३० ते १९७२ या काळात ८७६ सामने आणि चार राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. तरी इ.स. १९६६ च्या अंतिम सामन्यात पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी उतरलेल्या टेक्सास वेस्टर्न संघाने त्यांच्या सर्वस्वी गोऱ्या संघाला हरवले, ही आठवण त्यांच्या नावाला कायमची चिकटली आहे. त्यावर चित्रपट झाला आणि माहितीपटांतून रप यांच्या कारकिर्दीचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडला जातो. भारतात महाविद्यालयीन खेळाला तसा पैसा किंवा प्रेक्षक कधी मिळाला नाही. त्यामुळे शिक्षक-मार्गदर्शकांच्या यशापयशाची तशी जाहीर छाननीही झाली नाही. देवधरांच्या वाट्याला गौरवग्रंथ, सत्कार आणि करंडक आले. संघात कोणाला जागा होती आणि कोणाला नव्हती, हा प्रश्न त्यांच्या पिढीला उद्देशून क्वचितच विचारला गेला. पाळवणकर बंधूंविषयीचे लेखन गेल्या काही दशकांत वाढल्यापासून तो विचारला जाऊ लागला आहे.

त्यांच्या नावाने इ.स. १९७३-७४ मध्ये सुरू झालेली देवधर करंडक स्पर्धा मर्यादित षटकांची होती. दिवसदिवसभर खेळपट्टीवर ठाण मांडून बसणाऱ्या फलंदाजाचे नाव झटपट क्रिकेटला मिळावे, हा योगायोग विचित्र खरा. पहिल्या वर्षी दक्षिण विभाग विजेता ठरला. इ.स. २०१९ नंतर ही स्पर्धा काही वर्षे झाली नाही. इ.स. २०२३ मध्ये ती पुन्हा भरवण्यात आली आणि इ.स. २०२४-२५ च्या हंगामातून वगळण्यात आली. राज्य संघांची एकदिवसीय स्पर्धा मात्र विजय हजारे करंडक या नावाने चालू आहे.

दरम्यान महाराष्ट्राच्या क्रिकेटचे केंद्र जुन्या पुण्यातून पश्चिमेकडे सरकले आहे. असोसिएशनचे मैदान आता द्रुतगती महामार्गालगत, पिंपरी-चिंचवडच्या सीमेजवळ गहुंजे येथे आहे. पिंपरी-चिंचवडमधील थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेले ऋतुराज गायकवाड महाराष्ट्राचे कर्णधार झाले. नोव्हेंबर इ.स. २०२२ मध्ये विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात उत्तर प्रदेशविरुद्ध त्यांनी एका षटकात सात षटकार मारून नाबाद २२० धावा केल्या. देवधरांनी पहिल्या रणजी विजयात हरवलेला संयुक्त प्रांत म्हणजे आजचा उत्तर प्रदेश होय. त्या वर्षी महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला आणि सौराष्ट्राकडून पराभूत झाला.